नुसतीच ‘कर’

आपल्याकडे आडनावाच्या शेवटी ‘कर’ आलं की त्याच्या आधी बहुतेक वेळा एक गाव असतं. पाटणकर, सातारकर, नागपूरकर... माणूस गाव सोडून शिकागोला जाऊन बसला तरी गाव आडनावात बांधलेलं असतं. आजच्या पोस्टमधल्या बाईंचं आडनाव मात्र नुसतंच ‘कर’ आहे. आधी गाव नाही, काही नाही. सॅम कर. (स्पेलिंग बघून आपल्याकडे ‘केर’ही लिहितात, पण उच्चार ‘कर’च्या जवळचा.) ऑस्ट्रेलियाची फुटबॉलपटू, स्ट्रायकर, म्हणजे जिचं काम गोल करणं. हा शब्दांचा योगायोग आहे हे मलाही कळतं, पण तिची कारकीर्द बघितली की तो योगायोग फारच नेमका बसतो. पर्थ, सिडनी, न्यूयॉर्क राज्य, न्यूजर्सी, शिकागो, लंडन. इतकी गावं झाल्यावर आडनावात कुठलं घालणार?

विषय निघाला तो आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवरून. कुणीतरी बातमी टाकली की अमुक एक भारतीय मुलगी युरोपात फुटबॉल खेळायला गेली. लगेच टाळ्या, पेढ्यांची चित्रं, ‘नाव काढलं’ वगैरे. अभिनंदन करायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘परदेशात खेळते’ हे आपण ज्या सुरात म्हणतो ना, तो सूर मला खटकतो. मुलाला ग्रीनकार्ड मिळालं हे सांगतानाचा तो सूर आहे. परदेश म्हणजे बढती, परदेश म्हणजे पोचणं. बायकांच्या फुटबॉलमध्ये परदेशी जाण्याचा अर्थ बऱ्याचदा वेगळा असतो, आणि तो नीट समजून घ्यायला सॅम करइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आधी थोडी ओळख. जन्म १० सप्टेंबर १९९३, पर्थजवळच्या ईस्ट फ्रीमँटलमधला. वडील रॉजर कर यांचा जन्म कलकत्त्याचा, कुटुंब अँग्लो-इंडियन. नंतर मंडळी ऑस्ट्रेलियाला गेली. वडील ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळणारे, मोठा भाऊ डॅनियलही त्याच खेळातला नावाजलेला. ऑस्ट्रेलियन रूल्स म्हणजे अंडाकृती चेंडू, हात-पाय दोन्ही चालतात, धक्काबुक्की भरपूर. घरात हाच खेळ, त्यामुळे सॅमही हाच खेळायची, मुलांबरोबर. आणि बारा वर्षांची झाल्यावर ते बंद झालं. त्या वयानंतर मुलींना मुलांच्या संघात जागा नव्हती आणि मुलींना पुढे जाता येईल असा रस्ता नव्हता. म्हणून ती गोल चेंडूकडे वळली.

म्हणजे बघा, जगातली एक सर्वोत्तम स्ट्रायकर फुटबॉलला मिळाली ती दुसऱ्या खेळाने दार लावलं म्हणून. त्या दुसऱ्या खेळाची बायकांची राष्ट्रीय लीग सुरू झाली २०१७ साली. तोवर सॅम चोवीस वर्षांची होत आली होती आणि अमेरिकेत गोलांचा पाऊस पाडत होती. ‘गुणवत्ता आपली वाट शोधतेच’ असं आपण भाषणात म्हणतो. इथे गुणवत्तेने शोधली खरी वाट, पण बारा वर्षांच्या ज्या बाकी मुलींना दुसरा खेळ पटकन जमला नसेल त्यांचं काय झालं, हे विचारायला कुणी जात नाही. यशाच्या गोष्टींची हीच गंमत असते. गोष्ट सांगायला उरतो तो जिंकलेला.

पंधराव्या वर्षी, २००८ मध्ये, ती पर्थ ग्लोरी या क्लबकडून खेळायला लागली. ऑस्ट्रेलियातली बायकांची डब्ल्यू-लीग त्याच वर्षी सुरू झाली होती. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संघात. मध्ये दोन मोसम सिडनी एफसी. आणि २०१३ मध्ये अमेरिकेत एनडब्ल्यूएसएल नावाची नवी लीग निघाली तेव्हा पहिल्याच मोसमात ती वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅशकडे गेली. इथून पुढची पाच-सहा वर्षं मला सगळ्यात जास्त विचार करण्यासारखी वाटतात.

अमेरिकेतली लीग साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. ऑस्ट्रेलियातली लीग साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एक संपली की दुसरी सुरू. तर सॅम कर काय करायची? दोन्ही खेळायची. उन्हाळाभर अमेरिका, मग विमान, मग पर्थचा उन्हाळा, मग पुन्हा विमान. हिवाळा बहुधा विमानाच्या खिडकीतूनच बघत असेल. मधल्या फटीत राष्ट्रीय संघाची शिबिरं आणि सामने. आपल्याकडे ऊसतोड कामगारांची टोळी हंगाम बघून मुक्काम हलवते, तसंच हे. फरक इतकाच, की इथे हातात कोयता नाही आणि फोटो छान येतात. उपमा कुणाला जड वाटेल, पण हिशोब बघा. २०१३ साली एनडब्ल्यूएसएलमधला किमान पगार मोसमाला ६ हजार डॉलर होता, जास्तीत जास्त ३० हजार. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये एवढ्यात एखाद्या मोठ्या खेळाडूचा दिवसही निघत नाही. डब्ल्यू-लीगमध्ये किमान वेतनाचा पहिला सामूहिक करार झाला २०१७ मध्ये, आणि ते किमान होतं १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. एका लीगवर वर्ष निघत नव्हतं म्हणून दोन. सॅम किमान पगारावर होती असं मी म्हणत नाही. ती बघता बघता वरच्या गटात गेली. पण ज्या व्यवस्थेत ती वाढली तिची रचनाच अशी होती, की बारा महिन्यांची खेळाडू व्हायचं तर दोन खंड पालथे घालायचे.

आणि या धावपळीत तिने जे केलं ते थक्क करणारं आहे. अमेरिकेत २०१७, २०१८, २०१९ अशी सलग तीन वर्षं लीगमधले सर्वाधिक गोल तिचे: १७, १६, १८. ऑस्ट्रेलियात २०१७-१८ आणि २०१८-१९ ला सर्वाधिक गोल तिचेच. म्हणजे काही महिने इथे अव्वल, काही महिने तिथे अव्वल. पुढे इंग्लंडमध्ये २०२०-२१ आणि २०२१-२२ मध्ये पुन्हा तेच. तीन खंडांतल्या तीन लीगमध्ये गोल्डन बूट मिळवणारी ती एकमेव बाई आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिचा संघ स्काय ब्लू सिएटलविरुद्ध ०-३ ने मागे होता. दुसऱ्या हाफमध्ये सॅमने चार गोल केले आणि सामना ५-४ ने जिंकला. गोल केल्यावर ती मागे कोलांटी मारते. त्या काळात तिने किती कोलांट्या मारल्या असतील याचा हिशोब तिचा फिजिओच जाणे.

पण याच स्काय ब्लू क्लबबद्दल २०१८ मध्ये, ती शिकागोला गेल्यानंतर, बातम्या आल्या. सरावाच्या मैदानावर अंघोळीची सोय नाही, राहण्याच्या जागा धड नाहीत. लीगची सर्वोत्तम खेळाडू, २०१७ ची एमव्हीपी, असल्या क्लबकडून खेळून गेली होती. तिला परदेशी लीगमधली स्टार म्हणणाऱ्या आपल्या बातम्यांत स्नानगृहाचा उल्लेख नसतो. असो.

इथे एक जुनी तक्रार येणारच. ‘अहो, प्रेक्षकच नाहीत तर पैसा येणार कुठून? बाजार ठरवतो.’ हे वाक्य मी इतक्या समंजस माणसांच्या तोंडून ऐकलं आहे की त्याला समंजसपणे उत्तर द्यायला हवं.

तर उत्तर असं. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांच्या दोन संघांचा सामना झाला. त्यातल्या एका संघाचं नाव होतं डिक, कर लेडीज, प्रेस्टनच्या कारखान्यातल्या कामगार बायकांचा संघ. (हा ‘कर’ कारखान्याच्या मालकाचा. आपल्या सॅमशी नातं नाही. पण मी तरी हा योगायोग सोडणार नव्हते.) प्रेक्षक होते सुमारे ५३ हजार. बाजार बोलला होता, आणि बराच मोठ्याने. त्यानंतर वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, आणि संलग्न क्लबांनी आपली मैदानं त्यांना देऊ नयेत. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. दुकानाला कुलूप लावायचं आणि पन्नास वर्षांनी म्हणायचं की गिऱ्हाईक फिरकत नाही, याला बाजार म्हणत नाहीत.

आता दुसरी तारीख. ५ डिसेंबर २०२१. वेम्बलीवर बायकांच्या एफए कपचा अंतिम सामना, चेल्सी विरुद्ध आर्सेनल. बंदीला बरोबर शंभर वर्षं, अगदी तारखेने. चेल्सी ३-० ने जिंकली, त्यात दोन गोल सॅम करचे. तिसरा गोल पाहिला नसेल तर जरूर शोधून बघा. बॉक्सच्या कडेवरून गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद टाकलेला चेंडू. त्या दिवशी वेम्बलीवर ४० हजार ९४२ माणसं होती. गुडिसन पार्कच्या त्या दिवसाइतकी नाहीत! शंभर वर्षांनंतरही आकडा मागेच होता. पण मे २०२३ च्या अंतिम सामन्याला, ज्यात मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा एकमेव गोल पुन्हा सॅमचाच, ७७ हजार ३९० आले. बाजार तोच. कुलूप काढल्यावर, झाडलोट केल्यावर, आणि चार वर्षं दिवे चालू ठेवल्यावर माणसं येतात, एवढाच याचा अर्थ.

चेल्सीने तिला २०१९ च्या शेवटी घेतलं. मला विचाराल तर तिच्या कारकिर्दीतला हाच खरा बदल, आणि तो गोलांचा नाही. पहिल्यांदाच वर्षभर एकच क्लब, एकच सरावाचं मैदान, एकच डॉक्टर. दोन हंगामांची जोडणी संपली. अमेरिकेत इतके गोल करूनही तिच्या हाती लीगचं विजेतेपद आलं नव्हतं. २०१९ चा अंतिम सामना शिकागो ०-४ ने हरली. चेल्सीत मात्र ओळीने लीगची विजेतेपदं, एफए कप. खेळाडू तीच, पण आता पायाखाली जमीन होती.

ही जमीन आपोआप मिळाली नाही हेही लक्षात ठेवायला हवं. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाचा बायकांचा संघ, ज्याला मटिल्डाज म्हणतात, संपावर गेला. वर्षाचा करार होता २१ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा. विश्वविजेत्या अमेरिकेशी तिथे जाऊन खेळायचं होतं, तो दौराच त्यांनी रद्द करायला लावला. कुठल्याही खेळाडूच्या दृष्टीने स्वप्नातला दौरा. त्यानंतर चार वर्षांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, पुरुष आणि महिला राष्ट्रीय संघांना उत्पन्नात समान वाटा देणारा करार झाला. संप केला तेव्हा आपल्याकडच्या बोर्डाने काय केलं असतं याची कल्पना करून बघा, म्हणजे धाडसाची किंमत कळेल. आणि तरीही विश्वचषकाच्या बक्षिसाची रक्कम वेगळीच. २०२२ च्या पुरुषांच्या विश्वचषकाला ४४ कोटी डॉलर, २०२३ च्या बायकांच्या विश्वचषकाला ११ कोटी. समान टक्के, पण टक्के कशाचे?

आता मंडळी, आपल्या अंगणात येऊ या. सॅम कर महाराष्ट्रात खेळून गेली आहे, हे किती जणांना आठवतं? जानेवारी २०२२, बायकांचा आशियाई चषक, सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. २१ जानेवारीला अंधेरीच्या क्रीडासंकुलात ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाला १८-० ने हरवलं. पाच गोल सॅमचे. त्यातच तिने टिम केहिलचा ५० आंतरराष्ट्रीय गोलांचा विक्रम मागे टाकला आणि ऑस्ट्रेलियाकडून सर्वाधिक गोल करणारी खेळाडू झाली, पुरुष-बायका सगळे धरून. कलकत्त्यात जन्मलेल्या बापाच्या मुलीने ऑस्ट्रेलियाचा विक्रम मोडला तो अंधेरीत! ही बातमी पहिल्या पानावर यायला हवी होती. कोरोनाच्या तिसऱ्या लाटेचे दिवस होते, हे मान्य. तरी क्रिकेटच्या एखाद्या सराव सामन्याला आपण जागा काढतोच.

नऊ दिवसांनी पुण्यात बालेवाडीला ऑस्ट्रेलिया दक्षिण कोरियाकडून ०-१ ने हरून बाहेर पडली. गोल कुणी केला? जी सो-युनने, लांबून, शेवटच्या काही मिनिटांत. ती तेव्हा चेल्सीत सॅमचीच सहकारी. लंडनमध्ये एकत्र राबणाऱ्या दोघी बालेवाडीत एकमेकींविरुद्ध. परदेशात खेळण्याची ही दुसरी बाजू, आणि ही मला आवडते. कोरियाची मुलगी २०१४ पासून लंडनमध्ये रोज उत्तम खेळाडूंबरोबर सराव करत होती. तो सराव त्या दिवशी कोरियाच्या कामी आला.

आणि याच स्पर्धेत भारतीय मुलींचं काय झालं? पहिला सामना इराणशी ०-०. दुसऱ्या सामन्याच्या दिवशी संघात कोरोनाचे इतके रुग्ण निघाले की अकरा जणी उभ्या करता आल्या नाहीत. यजमान स्पर्धेबाहेर. वर्षानुवर्षांची तयारी एका दुपारी गुंडाळली गेली. त्या मुलींपैकी किती जणींना उद्या पुन्हा खेळायला लीग होती? भारतातली बायकांची लीग २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा तिची अंतिम फेरी दिल्लीत जेमतेम अडीच आठवड्यांत उरकली होती. आपल्या मैदानावर आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर असे दोन्हीकडे सामने व्हायला २०२३-२४ उजाडावं लागलं. आपल्याकडे लग्नाचा हॉलसुद्धा जरा जास्त आधीपासून बुक असतो.

म्हणून बाला देवीकडे मी वेगळ्या नजरेने बघते. मणिपूरची ही स्ट्रायकर जानेवारी २०२० मध्ये ग्लासगोच्या रेंजर्सकडे गेली. युरोपात व्यावसायिक करार मिळालेली पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. त्या वेळी ती तिशीला टेकली होती. डिसेंबर २०२० मध्ये तिने मदरवेलविरुद्ध रेंजर्ससाठी पहिला गोल केला. कौतुक आहेच. पण विशीत जायला मिळालं असतं तर? तिच्यानंतर मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलॉन लेडीजकडे गेली आणि २०२२ मध्ये युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. ती तेव्हा विशीतच होती. एका पिढीत दहा वर्षं वाचली. यालाच मी प्रगती म्हणते, पेढे मी यासाठी वाटेन.

परत सॅमकडे. २०२३ चा विश्वचषक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये, घरच्या मैदानावर. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी पोटरी दुखावली. कर्णधार बाकावर. उपांत्य सामन्यात १६ ऑगस्टला इंग्लंडविरुद्ध ती सुरुवातीपासून खेळली आणि अर्ध्या मैदानापासून चेंडू घेऊन धावत लांबून गोल मारला. ऑस्ट्रेलिया ३-१ ने हरली, पण सिडनीत ७५ हजार ७८४ प्रेक्षक होते. मग जानेवारी २०२४ मध्ये मोरोक्कोतल्या सराव शिबिरात गुडघ्याचा एसीएल तुटला. ही दुखापत बायकांत पुरुषांपेक्षा बरीच जास्त होते आणि तिच्यावरचं संशोधन आत्ता कुठे जोर धरतं आहे. तिच्या वर्षाला दोन हंगामांचा याच्याशी संबंध होता का, हे मी ठरवणार नाही. पण शरीर हिशोब ठेवतं एवढं आपल्या आज्याही सांगायच्या.

त्या काळात आणखी एक गोष्ट झाली. जानेवारी २०२३ मधल्या एका रात्री लंडनमध्ये टॅक्सीवरून वाद, पोलीस ठाणं, आणि तिथे पोलिसाला ती जे बोलली त्यावरून वांशिक छळाचा आरोप. फेब्रुवारी २०२५ मध्ये ज्युरीने तिला निर्दोष ठरवलं. आपण जे बोललो त्याची खंत तिने कोर्टात बोलून दाखवली. हे मी वगळू शकले असते. पण मुलींच्या भिंतीवर जिचं पोस्टर लागतं ती सदासर्वदा सोज्वळच असली पाहिजे, हा हट्ट आपण पुरुष खेळाडूंच्या बाबतीत कधी धरत नाही. चुकलं ते चुकलं, आणि खेळ तो खेळ.

मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटलेली बातमी मात्र फार लहान होती. २०२४ मध्ये, ती दुखापतीतून सावरत असतानाच, चेल्सीने तिचा करार वाढवला. २०१३ च्या हंगामी व्यवस्थेत गुडघा गेलेल्या स्ट्रायकरचं काय झालं असतं? इथे क्लबने थांबायची तयारी दाखवली. ६३४ दिवसांनी, १४ सप्टेंबर २०२५ ला, ती ॲस्टन व्हिलाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरली आणि गोल केला. लोकांनी त्या गोलाच्या टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्यात त्या ६३४ दिवसांच्या पगाराच्याही वाजवल्या.

तर पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी ‘आपली मुलगी परदेशात खेळते’ म्हणून टाकलं, की अभिनंदन जरूर करा. पण सोबत तीन प्रश्नही विचारा. करार किती महिन्यांचा? दुखापत झाली तर कोण बघणार? आणि परत आली तर इथे खेळायला काय आहे? भारतीय संघ २०२५ च्या जुलैमध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून आशियाई चषकासाठी पात्र ठरला, पात्रता फेरीतून पहिल्यांदाच. ती स्पर्धाही ऑस्ट्रेलियाची, सॅमच्या देशातली. म्हणजे मुलींनी त्यांचं काम केलं आहे. मैदान, पगार आणि डॉक्टर ही कामं त्यांची नाहीत. ती आपली.